भाजला डावा, दुखत होता उजवा

मी घोडा. बोलतोय मीच, आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. वर्षभर सगळे माझ्याबद्दल बोलत होते, तेव्हा मी मुकाट ऐकलं. आता माझी पाळी.

वय वर्षं सात. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेच्या तबेल्यात जन्मलो, तिथेच खोगीर चढलं आणि तिथूनच मला हाकललं. "कामचुकार आहे," असा शेरा मारून. शेरा मारणारे कोण, तर उस्ताद. चाळीस वर्षं घोड्यांत घालवलेला माणूस. ही चाळीस वर्षं मी मोजलेली नाहीत. ते स्वतःच सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सगळ्यांना ऐकवायचे.

झालं असं. शाळेचं मैदान दगडासारखं टणक झालं होतं. ज्यांनी माती सैल करायची ती मंडळी कठड्याला टेकून जुने पराक्रम सांगण्यात दंग. एक दिवस उडी मारून उतरलो आणि पुढच्या उजव्या पायात, खुराच्या जरा वर जो सांधा असतो ना, तिथे कळ गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आता घोड्याला ओरडता येत नाही. तो मानेने सांगतो. दुखरा पाय जमिनीवर येणार म्हटलं की तो मान वर ओढून घेतो, म्हणजे त्या पायावर भार कमी पडतो. पुढच्या पावलाला चांगला पाय येतो, तेव्हा मान खाली पडते. इतकं साधं आहे. मी दर पावलाला सांगत होतो: उजवा, उजवा, उजवा.

उस्तादांनी दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला. "ज्या पायावर मान पडते, तो पाय गेला. डावा."

अगदी उलटं! पण बोलणार कोण? उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी तसं सांगितलं होतं आणि त्यांना त्यांच्या. माझा सांधा कुणी हातात धरूनसुद्धा पाहिला नाही. माझं नाव मात्र त्याच दिवशी 'डाव्या' पडलं.

मग उपचार. उस्तादांचा जुना दोस्त नालबंद आला. त्याने भट्टीत सळई लाल केली, आणि चौघांनी मला दाबून धरल्यावर माझ्या धडधाकट डाव्या पायावर तीन डाग दिले. कातडी जळल्याचा वास माझ्या नाकात अजून आहे.

आणि गंमत बघा. आता दोन्ही पाय सारखेच दुखायला लागले. मग मान कुठल्या पायासाठी उचलू? मान हलायची थांबली. उस्ताद मिशीत हसले. "बघा, डागाचा गुण!" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला परत उडीवर घातलं.

मी पडलो. गुडघे फुटले, उजवा सांधा नारळाएवढा सुजला. स्वार बाजूला फेकला गेला, पण त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, आणि त्याचा मला आजही आनंद आहे. उस्ताद म्हणाले, "संपला हा. परवा गाडी बोलवा."

ती गाडी कुठे जाते ते तबेल्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्या गाडीतून कुणी परत येत नाही.

गाडीआधी घोड्याचे नाल काढून घ्यायची इथली रीत. लोखंड कशाला वाया घालवायचं! त्यासाठी नालबंदाला बोलावलं, पण त्याचा स्वतःचाच गुडघा धरला होता. त्याने मुलीला पाठवलं. तीही नालबंदच, बापाच्या हाताखाली तयार झालेली. आली, पक्कड काढली, माझा डावा पाय मांडीवर घेतला. डागांवर अंगठा फिरवला. मी उभाच. मग उजवा घेतला, सांधा जरासा दुमडला आणि मी तिच्या हातातून पाय हिसकावला.

ती थांबली. पुन्हा हळूच दुमडला. मी पुन्हा हिसकावला. तिने पक्कड पेटीत टाकली.

"उस्ताद, ह्याचा उजवा दुखतोय."

"तू नाल काढ. डोकं चालवू नकोस."

"डोकं चालवत नाही, हात चालवतेय. तुम्ही पण लावून बघा ना."

"तुझ्या बापाने भाजलाय तो डावा. बाप चुकला म्हणतेस?"

"बाप पण चुकला आणि तुम्ही पण."

उस्तादांचे कान लाल झाले. "एवढी अक्कल आहे तर घेऊन जा ह्याला. सहा महिन्यांनी इथे, ह्याच फरशीवर माझ्यासमोर दुडक्या चालीने पळव. मान हलली तर गाडी मी बोलावणार. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

घरी पोचलो तर नालबंद ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. मला बघून तेलाची वाटी कलंडली. "अगं, हे काय घेऊन आलीस?"

"तुमचं काम, आप्पा. उरलेलं."

तो सांडलेलं तेल पुसायला लागला. माझ्याकडे बघायचं टाळलं त्याने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एक्स-रे काढला. उजव्या सांध्यात हाडाचा बारीक तुकडा सुटला होता, तोच दर पावलाला टोचत होता. डाव्यात काहीही नाही. काचेसारखा स्वच्छ. मुलीने तो फोटो आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी उजेडाकडे धरून तो बराच वेळ पाहिला आणि भुशाचं पोतं उचलून माझ्या गोठ्यात जाड गादी घालायला लागले. गुडघा धरलेला असताना.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून तुकडा काढला. मग सुरू झालं खरं काम, आणि ते भारी कंटाळवाणं असतं. दिवसातून दोनदा सांध्यावर गार पाण्याची धार. वाढलेल्या खुराचं पुढचं टोक दर थोड्या दिवसांनी कापायचं, कारण ते लांबलं की सांध्यावर ताण येतो. आधी नुसतं उभं राहायचं. मग पाच मिनिटं चाल. मग दहा. मुलीला एकदा घाई झाली, तिने दहाची वीस केली आणि सांधा पुन्हा फुगला. ती माझ्या पायाशी बसून स्वतःलाच शिव्या देत होती. ही उस्तादांच्या वयाची झाली की बिघडेल का, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही. जिला स्वतःला शिव्या देता येतात, ती बिघडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आप्पांचाही गुडघा पाहिला. "तुम्हाला पण हेच औषध. रोज चाला."

"मी काय घोडा आहे?"

"घोडा ऐकतो तरी," मुलगी म्हणाली.

तेव्हापासून आम्ही दोघं लंगडे एकाच दोरीने बांधल्यासारखे निघायचो. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, आप्पा काठी टेकत. कोण कुणाला फिरवतंय ते कळत नसे. एकदा परतताना आप्पा थांबले, वाकले आणि डाव्या पायावरच्या डागांवर हात ठेवला. तिथे आता पांढरे केस उगवले होते. "फार भाजलं ना रे?" मी नाक फुर्रकन वाजवलं. हो म्हणायची माझी तीच रीत.

सहा महिने भरले. शाळेच्या अंगणातली तीच फरशी. उस्ताद मध्यभागी खुर्चीत, आजूबाजूला त्यांची मंडळी. मुलीने दोरी हातात घेतली आणि ती माझ्या बाजूने पळायला लागली.

टप, टप, टप, टप. फरशी वाजत होती आणि एकाही टापेत खोट नव्हती. मान माझी, स्थिर. मीच चकित झालो. उस्ताद म्हणाले, "परत." परत पळालो. "उलट्या बाजूने." तेही झालं. ते खुर्चीतून पुढे सरकले, डोळे बारीक केले, मग मागे टेकले आणि मोठ्याने म्हणाले, "म्हटलं नव्हतं? डागाचा गुण उशिरा येतो!"

मंडळींनी माना डोलावल्या. मुलीचं तोंड उघडं पडलं. मी लाथ घालणार होतो, खरंच सांगतो.

पण त्याआधी आप्पा पुढे आले. काठीशिवाय.

"कसला गुण रे? ती सळई मी तापवली होती. तू बोट दाखवलंस आणि मी भाजलं. आपण दोघांनी चांगला पाय जाळला आणि दुखरा पाय उडीवर घातला." त्यांनी एक्स-रे उस्तादांच्या मांडीवर ठेवला. "हा उजवा. माझ्या पोरीने धरला, तुझ्या चाळीस वर्षांनी नाही. आणि माझ्याही नाही."

उस्तादांनी फोटोकडे पाहिलं नाही. पण पाठीमागे उभी असलेली शिकाऊ पोरं एकेक करून पुढे वाकली आणि त्यांनी पाहिला. मग त्यातली एक मुलगी तबेल्यात गेली, तिथल्या घोड्यांचे सांधे एकामागून एक हातात घेऊन दुमडून बघायला लागली. मला तेवढं पुरलं.

मी परत शाळेत गेलो नाही. आप्पांच्या घरामागे मऊ मातीचं रान आहे, तिथे असतो. सांधा थंडीत थोडा कुरकुरतो. माझं नाव अजून 'डाव्या'च आहे. बदलू नका म्हणालो, म्हणजे मानेने. राहू द्या लक्षात.

तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी लंगडत असेल, तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी त्याच्या पायाला हात लावा. आणि मान कधी पडते ते बघू नका, कधी वर जाते ते बघा.

बस्स. सरका आता. रान मोकळं आहे, आणि मला भरधाव सुटायचंय.