माझ्या आकड्याला टांगलेले खोटे

मित्रांनो, मी वजनकाटा. आता गंजून शहापूरच्या दवाखान्यातल्या अडगळीत पडलो आहे. माझ्या पोटाखाली लोखंडी आकडा आहे. त्याला झोळी अडकवून लेकरू बसवत. मग तबकडीवर काटा जे वजन दाखवी, त्यालाही माणसे आकडाच म्हणत. दोन्ही आकडे मी इमानाने सांभाळले. म्हणूनच मला इतकी किळस येते.

आणीबाणी उठली त्या सुमारास भुकटीवाले साहेब आले. भादव्यात घरोघरी धान संपलेले असते. तेव्हा त्यांनी बालवाडीतली लेकरे तोलली आणि खिचडीच्या जोडीला डब्यातली पौष्टिक भुकटी सुरू केली. पुसात, म्हणजे पौषात, नवे धान आल्यावर पुन्हा तोलली. लेकरे भरली होती. गावातल्या पंचफुलाबाईचा लेक टेकचंद मात्र भुकटी ओकून ओकून वाळला होता. ती त्याला झोळीत ठेवू लागली, तर साहेब म्हणाले, "याने भुकटी सोडली. याला उतरवा."

माझी झोळी रिकामीच हलत राहिली.

पुढे साहेबांचा लेख मासिकात छापून आला. भुकटीने वजन वाढते, असा. खर्च भुकटीच्या कंपनीने केला होता, ते कुठेच लिहिले नव्हते. लेखावरून हुकूम निघाला: पुढल्या सालापासून खिचडी बंद, फक्त भुकटी.

साहेब पुन्हा आले तेव्हा पंचफुलाबाई कडाडली, "खिचडी बंद केली त माहा टेक्या खाईन काय? पुसात त आमची मांजर बी फुगते, साहेब. तिनं कोणती भुकटी खाल्ली जी?"

साहेब हसले. "बाई, छापून आलंय!"

दवाखान्याच्या डॉक्टर शकुंतलाबाई हसल्या नाहीत. "छापून आलंय म्हणूनच तपासायचं," त्या म्हणाल्या.

भादव्यात त्या मला घेऊन नदीपलीकडे कारध्याला गेल्या. तिथे भुकटी नव्हती. पुसात पुन्हा गेल्या. रडके, आजारी, कोणालाच वगळले नाही. तिथलीही लेकरे शहापूरइतकीच भरली होती. बाईंनी ते वर कळवले, भांडल्या, आणि आमची खिचडी वाचली. टेकचंद पुन्हा माझ्या झोळीत बसला. काटा हळूच पुढे सरकला.

मासिकाने मात्र बाईंचे पत्र छापले नाही. तो घाणेरडा लेख दाखवून साहेब दुसऱ्या गावांत भुकटी वाटतच राहिले. त्या लेखातला एकही आकडा खोटा नव्हता. ते सगळे माझेच होते.

मित्रांनो, मला तेल घाला, नाहीतर भंगारात टाका. पण छापलेला आकडा वाचाल तेव्हा आधी विचारा, झोळीतून कोणाला उतरवले?