खिडकीपलीकडचे जावईबापू

मास्तरांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार होती. कात्री निदान मिटता तरी यायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. उभं आयुष्य लोकांचे कोट शिवण्यात गेलं. मंदी आली तसे लोक आधी नवे कोट शिवायचे थांबले, मग जुने सैल करून घ्यायचे थांबले, आणि शेवटी मास्तरांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. बायको आधीच गेलेली. लेक येऊन म्हणाली, "बाबा, चला आमच्याकडे." "चार दिवस येतो," असं म्हणत मास्तर आले ते शिलाई मशीन घेऊन. चार दिवसांसाठी कोणी मशीन आणत नाही हे सगळ्यांना कळलं, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

लेकीचं घर तीन खोल्यांचं. नातीची खोली मास्तरांना मिळाली आणि नात आईबापांच्या खोलीत गेली. जावई रोजगार कार्यालयात नोकरीला होता, म्हणजे सरकारी नोकर. इथेच सगळं घोडं अडलं होतं, कारण सरकारी नोकर म्हटलं की मास्तरांचं डोकं फिरायचं.

"मंदी आली ती आमच्या बोकांडी," ते जेवताना सुरू करायचे. "यांच्या दाराची तिनं कडीसुद्धा वाजवली नाही. पहिली तारीख आली की पगार हजर! काम करा नाहीतर माश्या मारा. हे सगळे सरकारचे जावई!"

आणि समोर खराखुरा जावई घास घेत बसलेला असायचा.

"तुम्हाला नाही म्हणत हं, जावईबापू," मास्तर मग घाईघाईनं सारवासारव करायचे. जावयाला ते पहिल्या दिवसापासून अहोजाहो करत. जुनी रीत होती आणि मास्तर रीतीला पक्के होते. शिव्या द्यायच्या त्यासुद्धा अदबीनं.

जावई हसायचा. तो मुळात कमी बोलणारा. लेक मात्र भांडी जरा जास्तच आपटायची.

त्यात सरकारनं काढलं की तिजोरीत खडखडाट आहे, तेव्हा नोकरांच्या पगाराला कात्री लावायची, दहावा हिस्सा कापायचा. मास्तरांना तर आयतं कोलीत मिळालं. इमारतीखालच्या बाकावर न्हाव्याशी आणि निवृत्त ड्रायव्हरशी त्यांची रोज सभा भरू लागली, आणि रात्रीच्या जेवणाला तिचं इतिवृत्त घरी सादर व्हायचं.

"कापायलाच पाहिजे," ते एकदा म्हणाले. "आमचं सगळं ठाण गेलं, यांचं वीतभर गेलं तर काय बिघडलं?"

"बाबा, कापू देत," जावई पाणी पिऊन म्हणाला. "पण साहेबाचं आणि शिपायाचं माप एकच धरलंय. साहेबाच्या कोटात आत भरपूर कापड दुमडलेलं आहे. शिपायाचा कापला तर उघडाच पडेल तो."

धंद्यातलं बोलणं आलं की मास्तर ऐकून घेत. मग म्हणाले, "आणि तुमचं काय म्हणणं? हो की नाही?"

"संघटनेची बैठक आहे. तिथं ठरेल."

"म्हणजे नाही," मास्तरांनी लेकीकडे बघत निकाल देऊन टाकला. "स्वतःच्या ताटातलं कोण काढून देतंय!"

"बाबा, पुरे," लेक म्हणाली, आणि त्या दिवशी खरोखरच पुरे झालं.

दोनच दिवसांनी मास्तर खालच्या बाकावरची सभा आटोपून वर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात लेक आणि जावई हळू आवाजात बोलत होते.

"कपात झाली तर हे भाडं झेपणार नाही," लेक म्हणत होती. "दोन खोल्यांचं घर बघावं लागेल. मग बाबांचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? आतली खोली त्यांची. आपण तिघं बाहेर झोपू."

"आणि तुझं? तुला सकाळी लवकर उठावं लागतं, पाठ धरते तुझी."

"होईल सवय. त्यांना मात्र यातलं काही सांगू नकोस. उगीच मनाला लावून घेतील."

मास्तर तसेच उलट्या पावली जिना उतरले. महिनाभर ज्या कपातीसाठी त्यांनी घसा कोरडा केला होता, ती त्यांच्याच लेकीला जमिनीवर झोपवणार होती. बाकावर न्हाव्यानं विचारलं, "काय मास्तर, विसरलात काही?" मास्तर म्हणाले, "हो," आणि तिथेच बसून राहिले.

त्यांनी मनाशी पक्कं केलं: आपण काम शोधायचं. कुठलंही. पैसे हातात आले की लेकीला म्हणायचं, मला एक कोपरा पुरतो, खोलीबिली नको. आणि काम मिळेपर्यंत या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. पण या वयाच्या शिंप्याला कोण काम देणार? सगळी दुकानं पालथी घातली, सगळीकडे तेच उत्तर. उरलं एकच ठिकाण, रोजगार कार्यालय.

तिथं जावई होता, पण तो वरच्या मजल्यावर बसतो एवढं मास्तरांना माहीत होतं. वर खोली, खोलीत पंखा, पंख्याखाली जावई आणि जावयापुढे चहा, असं चित्र त्यांनी स्वतःच कधीचं रंगवून ठेवलेलं. खाली खिडकीशी जाऊन नाव नोंदवायचं आणि सटकायचं, वर कळणारसुद्धा नाही. नातीला शाळेत सोडून ते तसेच तिकडे गेले.

रांग दरवाजाबाहेर रस्त्यापर्यंत आली होती. गवंडी, वेटर, बँकेतून काढलेला टायवाला, कडेवर पोर घेतलेली बाई. मास्तर टोपी कपाळावर ओढून उभे राहिले. रांग सरकत सरकत आत आली, आणि खांबाच्या पलीकडे खिडकी दिसली तसे मास्तर जागच्या जागी थिजले.

खिडकीत जावई बसला होता.

बसला होता असं म्हणायचं, एवढंच. त्याची खुर्ची काचेच्या या बाजूला होती आणि तिच्यावर रांगेतली माणसं एकेक करून बसत होती. तो स्वतः उभ्यानं, वाकून, कळफलक बडवत होता. गर्दी वाढली तशी वरची माणसं खाली आणली असणार. घरी तो हे बोललाच नव्हता.

मास्तरांचं लक्ष आधी शर्टाकडे गेलं. हाडाचा शिंपी, त्याला इलाज नाही. शर्ट त्यांनीच शिवलेला. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. शर्ट तोच होता, माणूस आत आटला होता. रोज समोर जेवायला बसतो आणि आपल्याला दिसलं नाही, याचं मास्तरांना फार वाईट वाटलं.

मग त्यांचे कान टवकारले. जावई प्रत्येकाला एकच प्रश्न आधी विचारत होता. "काय काम पाहिजे?" असं नव्हे. तो विचारत होता, "काय काय येतं तुम्हाला?" खाली मान घालून आलेला गवंडी त्या प्रश्नावर मान वर करायचा. मला प्लास्टर येतं, फरशी येते, कमान येते. जावई सगळं टिपून घ्यायचा, मग सरळ सांगायचा, "आज जागा नाही. पण कमान येणारे थोडे आहेत, तुम्हाला कळवीन." माणूस रिकाम्या हातानं जायचा, पण आला होता तसा जायचा नाही.

मास्तरांनी रांगेतून सटकायचं ठरवलं आणि पाय काही हलेनात.

एवढ्यात जावयानं खिडकीवर हात वर करून "पाच मिनिटं हं" म्हटलं, आणि मागच्या खांबाशी जाऊन त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

"झालं!" मास्तरांच्या मागून टायवाला करवादला. "निघाले चहाला! आपण इथं ताटकळा. सरकारचे जावई सगळे. यांचा पगार निम्मा कापला पाहिजे, निम्मा!"

शब्द न् शब्द मास्तरांचाच होता. सूरसुद्धा तोच. पण दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकला आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सकाळपासून उभा आहे तो!" ते गर्रकन वळले. "स्वतःची खुर्ची देऊन उभा आहे! घोटभर चहा प्यायला तर काय आभाळ कोसळलं? आणि सरकारचा जावई कोणाला म्हणता हो? तो माझा जावई आहे, माझा!"

सगळी रांग वळून बघू लागली. कडेवरचं पोरही रडायचं थांबलं. मग टायवाला, बिचारा वाईट नव्हता, खरोखर न कळून म्हणाला, "मग मामा, जावई आत आणि तुम्ही रांगेत कसे?"

कोणीतरी हसलं. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी हळूच खांबाकडे पाहिलं. जावई कप हातात धरून त्यांच्याकडेच बघत होता.

लोक म्हणाले, "जा मामा, पुढं व्हा." मास्तर म्हणाले, "माझा नंबर येईल तेव्हा जाईन." तेवढी अब्रू त्यांच्याकडे शिल्लक होती.

नंबर आला. समोर खुर्ची होती. मास्तर बसले.

"बसा," जावई नेहमीच्याच आवाजात म्हणाला, जसा सगळ्यांशी बोलत होता तसा. "काय काय येतं तुम्हाला?"

मास्तरांना वाटलं होतं की तो म्हणेल, बाबा, हे काय, चला घरी. तसं म्हणाला असता तर ते उठून चालते झाले असते. पण या प्रश्नाला उत्तर होतं.

"कोट," ते म्हणाले. "सूट. शर्ट, पँट. रफू. रफू असा की शोधून सापडणार नाही. शिकवताही येईल, कोणी शिकणार असेल तर."

जावई टिपत होता. मास्तर काचेशी वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऐका. त्या कपातीला हो म्हणू नका. मी आपला बडबडतो. माझं काय मनावर घेता!"

"काल बैठक झाली, बाबा. मी हात वर केला. कपातीच्या बाजूनं."

"काय?" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "कोणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"कपात नको असेल तर हंगामी लोकांना काढा, असं वरून आलं होतं." त्यानं डोळ्यांनीच शेजारच्या खिडकीकडे खूण केली. तिथं एक मुलगी नाकावरचा चष्मा सावरत एका वेटरला काहीतरी समजावून सांगत होती. "उद्या ती या काचेच्या तुमच्या बाजूला बसली असती, आणि मी तिला विचारलं असतं, काय काय येतं तुम्हाला? ते मला जमलं नसतं."

"आणि घर? माझ्यापायी तुम्ही बाहेर जमिनीवर..." मास्तर बोलून गेले आणि जीभ चावली.

जावयानं क्षणभर मान खाली घातली. ऐकलंत तर, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मागं रांग चुळबुळत होती. त्यानं पडद्याकडे बघून पुढचा प्रश्न वाचला.

"तुमच्यावर अवलंबून किती माणसं आहेत?"

आयुष्यभर या प्रश्नाला मास्तरांकडे उत्तर होतं. बायको होती, लेक होती, दुकानातले दोन कारागीर होते.

"कोणी नाही," ते म्हणाले. "शून्य लिहा. मीच दुसऱ्याच्या..."

जावयानं एक बोट उचललं आणि कळ दाबली. काचेत उलटा उमटलेला आकडा मास्तरांनी वाचला. तीन.

"अरे, खोटं लिहितोस?" ते म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांनी जावयाला अरेतुरे केलं होतं, आणि दोघांनाही ते जाणवलं.

"सरकारी काम आहे, बाबा," जावई म्हणाला. "खोटं लिहून कसं चालेल?"