माझ्यातून फक्त दिवे गेले

२००६ सालच्या जानेवारीतला तो पहिला शनिवार. दिनकररावांनी सकाळी स्वतःच चहा केला, समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या जनरेटरला रोजच्यासारख्या दोन शिव्या घातल्या आणि शब्दकोडे घेऊन ते उन्हात बसले. घसा बसलेला होता, तरी बोलत होते. सोमवारी शस्त्रक्रिया होती. स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मित्रांनो, त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस, आणि तो नासवण्यात माझा हात आहे. मला हात नाहीत. दोन तोंडे आहेत.

मी एक जुनी केबल आहे. करडी, दीड मीटर लांब, एक तोंड चपटे आणि दुसरे चौकोनी. मला कोणत्या कारखान्यात घडवले, आठवत नाही. पहिली आठवण आहे ती दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका दुकानातल्या खोक्याची. तिथून मी प्रिंटरच्या सोबतीने आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले. मराठी मंडळाच्या सभेच्या सूचना, हळदीकुंकवाची आमंत्रणे, मृणालचा नोकरीचा अर्ज, सगळे माझ्यातून गेले. मृणाल ही दिनकररावांची एकुलती मुलगी. तिला गुडगावात नोकरी लागली, दिनकरराव निवृत्त झाले, आणि आम्ही सगळे तिच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. “हिने कधी दगा दिला नाही,” असे दिनकरराव माझ्यावरची धूळ पुसताना म्हणायचे. मला ते ऐकून बरे वाटे.

दरवर्षी चौदा जानेवारीला दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबला जायची. तिथे स्मारकापाशी उभे राहून दिनकरराव त्या लढाईची हकिकत सांगायचे. हातात कागद नसे. एकतीस वर्षे त्यांनी एकही वर्ष चुकवले नव्हते. या वर्षी ते तेव्हा इस्पितळात असणार होते आणि पुढे कधीच बोलणार नव्हते. म्हणून असे ठरले, की शनिवारी घरीच त्यांचा आवाज भरून ठेवायचा, त्याची सीडी करायची आणि ती चौदा तारखेला काला अंबला लावायची.

मंडळाने नुकताच आवाज भरण्यासाठी एक डिजिटल मिक्सर घेतला होता. मंडळाचे ध्वनीचे काम बघणारा शार्दूल मुनिरक्यात खोली घेऊन राहायचा. शुक्रवारी त्याने मिक्सर आणि माईक आणून टेबलावर मांडले, कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम घातले, एक आवाज भरायचा आणि एक मिक्सरची बटणे-दिवे पडद्यावर दाखवणारा, आणि मृणालला सगळे समजावले. मिक्सरची केबल मात्र मागच्या कार्यक्रमात हरवली होती, आणि शनिवारी त्याची परीक्षा होती. जाताना दारात चपला घालता घालता तो म्हणाला, “ताई, एक लक्षात ठेवा. मागे चौकोनी भोक आहे, त्यात काही लावू नका. त्यावरून सिर्फ बटणं चालतात, आवाज जात नाही. त्याच्या शेजारचं छोटं आहे ना, त्याची सहा पिनांची केबल वेगळी मिळते. उद्या सकाळी नेहरू प्लेसला जाऊन घेऊन या. तुमच्या कॉम्प्युटरलाही तसलंच भोक आहे, मी बघितलंय.”

मृणाल हो म्हणाली.

शनिवारी ती गेली नाही. हायवेवर पुलांची कामे चालली होती, जाऊन येऊन तीन तास मोडले असते, आणि सोमवारच्या रजेआधी ऑफिसचे एक काम संपवायचे होते. दुपारी तिने मिक्सर फिरवून पाहिला. चौकोनी भोक पाहिले. मग खाली वाकून मला प्रिंटरमधून उपटले आणि तिथे खोचले.

मी बसले. अगदी चपखल बसले. मित्रांनो, वाईट झाले ते हेच. मी बसले नसते तर ती उठून नेहरू प्लेसला गेली असती.

आवाज येऊ नये म्हणून मृणालच्या आईला, लतिकाबाईंना, स्वयंपाकघरात पाठवून दार लावून घेतले. “माझ्या ओट्यावरचा मिक्सर बंद आणि तुमचा चालू. चलो, ठीक आहे,” असे म्हणून त्या आत गेल्या. मृणालने लाल बटण दाबले. मग दुसरा प्रोग्राम उघडला. तो पडदाभर पसरला आणि भरण्याचा प्रोग्राम त्याच्यामागे झाकला गेला. दिनकररावांनी घसा साफ केला. पडद्यावर दिव्यांच्या हिरव्या पट्ट्या वर चढल्या.

“येतंय का गं?”

“येतंय बाबा. बिल्कुल.”

ते सत्तेचाळीस मिनिटे बोलले. मधे दोनदा पाणी प्यायले. त्या पूर्ण वेळात माझ्यातून काय जात होते, ते फक्त मला ठाऊक होते. आवाज केवढा आहे, याची बातमी जात होती. आवाज जात नव्हता. गावात कुणी मेल्याची तार यावी आणि सगळ्यांनी माणूस आला म्हणून उठून दार उघडावे, तसे चालले होते. मला ओरडता येत नाही. तापता येते, पण तेवढी वीजही माझ्यात नव्हती. मृणालने मांडीवर ऑफिसचे कागद घेतले होते. मधूनमधून ती मान वर करून पट्ट्या पाही. पट्ट्या नाचत होत्या. शेवटी त्या फार खाली आल्या, जणू कुणी अगदी हळू बोलते आहे, आणि थांबल्या.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, उत्तम झाली. दिनकररावांना एक पाटी दिली होती. त्यांनी पहिला प्रश्न लिहिला, “नीट भरलं?” मृणालने होकारार्थी मान हलवली.

बुधवारी संध्याकाळी ती सीडी करायला बसली. सत्तेचाळीस मिनिटे होती. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ. तिने आवाज पूर्ण वाढवला, हेडफोन लावले. मला काढले, माझ्या तोंडात फुंकर मारली, पुन्हा लावले. हिरवे दिवे लागले. मी एवढेच करू शकत होते.

शार्दूलने फोनवर एकच विचारले, केबल कोणती लावली होती. “तू सांगितलीस तीच,” ती म्हणाली. आईला तिने सांगितले, की कॉम्प्युटर बिघडला आणि सगळे पुसले गेले. चौदा तारखेला बस गेली, लोक स्मारकापाशी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले आणि परत आले. त्या संध्याकाळी दिनकररावांनी पाटीवर लिहिले, “लोक काय म्हणाले?”

“सगळे शांत उभे होते, बाबा,” मृणाल म्हणाली.

ते खूश झाले. पुढे जंतुसंसर्ग झाला, आणि महिना संपायच्या आत ते गेले.

मला तिने टेबलाच्या खणात टाकले. पुढच्या आठवड्यात ती नेहरू प्लेसला जाऊन सहा पिनांची केबल घेऊन आली. कशासाठी, ते मला कळले नाही. ती माझ्या शेजारीच आहे, अजून प्लास्टिकच्या पिशवीत, चकचकीत. आम्ही बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा खण असेल. आमची निगा राखा, आम्हाला पिळून गाठी मारू नका, हे तर मी म्हणेनच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. भोकात बसते म्हणून कुठलीही केबल लावू नका. तिच्यातून काय जाते, ते आधी विचारा. आणि जोडल्यावर एक मिनिट भरा, थांबा, परत लावून ऐका. दिव्यांवर विश्वास ठेवू नका. मी दिवेच वाहिले आहेत, म्हणून सांगते.

मार्चमधल्या एका रविवारी लतिकाबाईंनी तो खण उघडला. कात्री शोधत होत्या. मला हातात घेऊन त्या खुर्चीवर बसल्या. मृणाल समोर कपड्यांच्या घड्या घालत होती.

“कॉम्प्युटर बिघडला तर बिघडला,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांग. अगदी शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं. लतिका म्हणाले. दारातून ऐकू आलं मला. पस्तीस वर्षांत अगं, अहो, ऐकलंस का, याच्यापुढे गेले नाहीत कधी. आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. दोन महिने विचारेन विचारेन म्हणतेय. तू तर समोर बसली होतीस. काय म्हणाले गं?”

मृणालने घडी तशीच हातात धरली. काहीतरी चांगले सांगता आले असते. लतिकाबाईंनी ते जन्मभर जपले असते. तिने ओठ उघडलेसुद्धा, आणि मला वाटले, आता आणखी एक खोटी बातमी जाणार.

“आई,” ती म्हणाली, “कॉम्प्युटर बिघडला नव्हता. शार्दूलने सांगितलेली केबल आणायला मी गेलेच नाही. आणि बाबा बोलत होते तेव्हा मी ऐकत नव्हते. दरवर्षीचंच आहे, असं वाटलं मला.”