पवनचा न जळणारा दुपट्टा

आरमोरीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात दर मंगळवारी डोमाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या, पवनच्या अंगात देव यायचा. पवन आपला दुपट्टा काठीवर टाकून पेटवायचा, ज्वाळा उठायच्या आणि दुपट्टा कोराच्या कोरा राहायचा. "आगीले बी माह्या पोराचं भेव वाटते," डोमा गर्जायचा. "ठेवा नारळ, घ्या अंगारा." न जळणाऱ्या कापडाचा अंगारा येतो कुठून, हे कुणीच विचारत नव्हतं.

गर्दीत पवनची चुलत बहीण स्वाती दात-ओठ खात उभी असायची. प्रयोग मुळात तिचा होता. पहिल्या धारेची मोहाची दारू पेटते का, हे पाहायला तिने गोठ्यामागे आईच्या धुतलेल्या लुगड्याचं ओलं टोक त्यात बुडवून काडी लावली होती. ओलं टोक वाचलं, पण ज्वाळा वर चढली आणि कोरडा काठ जळाला. मनगटावर फोड आले, वर आईचा मार. पवन तेव्हा शेजारी उभा राहून दात काढत होता. आता तो देव, आणि ही गावभर 'आगलावी'. हेव्याने तिला घास गोड लागत नव्हता.

दारूचा वास कुणाला खटकला नाही. देवापुढे मोहाची धार टाकायची गावाची रीतच होती.

मग तिचा धाकटा भाऊ अंकुश थंडीतापाने फणफणला. आई गुणाबाई त्याला दवाखान्याऐवजी डोमाच्या अंगणात घेऊन आली. डोमा म्हणाला, "पेटता दुपट्टा लपेटला का ताप पळते."

स्वाती पुढे घुसली. "माय, नको. कापड आधीच पाण्यात भिजवते हा पवन. वरची दारू जळते, पाणी कापडाले जळू देत नाई. पण पोराचं आंग भाजते."

"पोट दुखते पोरीचं," डोमा हसला. "पवनचा मान पाहावत नाई तिले."

"हो, दुखते. पयले मी केलं, म्हणून दुखते. पण मी खरी का खोटी, ते तुमच्याच दुपट्ट्यावर पाहू."

तिने डोमाच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, बादलीत बुडवून पिळला, देवापुढच्या बाटलीतली दारू त्यावर ओतली आणि काठीवर टाकून काडी लावली. ज्वाळा उठल्या, विझल्या. दुपट्टा जसाच्या तसा.

म्हातारी इतवारीबाई पुढे आली आणि स्वातीच्या पाया पडली. "तुह्या बी आंगात आला वो, माय." मागून आणखी बाया वाकल्या. पवनकडे कुणी पाहीना. कधीपासून हेच तर तिला हवं होतं, आणि ते गोडही लागलं. तेवढ्यात अंकुश कण्हला.

"पाया नको पडू, आजी," ती म्हणाली आणि काडेपेटी म्हातारीच्या हातात दिली. "आता तू कर."

इतवारीबाईने कापड भिजवलं, दारू ओतली, पेटवलं. जळालं नाही. तिने स्वतःकडे खालीवर पाहिलं. "माह्या आंगात तं कोणीच नाई."

अंगणात पहिल्यांदाच हशा पिकला. गुणाबाईने अंकुशला उचललं आणि थेट आरमोरीचा दवाखाना गाठला. रक्तात मलेरिया निघाला, गोळ्यांनी ताप उतरला.

आगीशी खेळू नका, स्वातीच्या मनगटावर अजून डाग आहेत. पण अमक्यालाच जमतं असं कुणी सांगितलं, तर तेच दुसऱ्याच्या हातून करवून पाहा. आणि घरात लेकरू तापलं असेल, तर आधी दवाखान्यात न्या.