मुकुटाशेजारची जागा

हमीद वर बघायचा तेव्हा आधी त्याचा डावा हात वर जायचा. पौडच्या बाजारपेठेत त्याच्या भांड्यांच्या दुकानासमोरच तो नवा पांढरा दिवा लागला, आणि तेव्हापासून रोज दिवेलागणीनंतर दुकानाच्या पायरीवर उभा राहून तो तळहाताने त्या दिव्याला झाकायचा, मान मागे टाकायचा आणि डोळे बारीक करून आभाळ निरखायचा. तळहाताची सावली त्याच्या कपाळावर पडायची, आणि त्या सावलीत त्याचा चेहरा असा काही निवांत दिसायचा, की दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, आपल्यालाच हात केला. तो बिचारा उलट हात करायचा, "काय हमीदभाई, बरं हाय ना?" म्हणायचा, आणि उत्तर मिळालं नाही की तोंड वाकडं करून पुढे जायचा. निम्म्या पौडात हमीद आतार शिष्ट म्हणून ओळखला गेला तो या हातापायी. मी त्याला किती वेळा सांगितलं, अरे बाबा, निदान हूं तरी म्हण. पण त्या वेळी त्याला ऐकूच यायचं नाही.

मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. पुढे त्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा; त्यात आदर कमी आणि खोडी जास्त. आकाशातलं मला ओ की ठो कळत नाही. "मास्तर, तू रोहिणीवर तासभर बोलशील," तो म्हणायचा, "पण दाखव म्हटलं तर बोट इजेच्या खांबाकडं करशील." खरंच होतं ते, त्यामुळे मला रागही यायचा. दिवसभर चकाकत्या स्टीलच्या राशीत बसून त्याला प्रखर तेजाचा विलक्षण कंटाळा आला होता. त्याचं सारं ममत्व मंद, क्षीण, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तरच दिसणाऱ्या प्रकाशावर होतं. पौर्णिमेच्या चंद्राची कुणी स्तुती केली की हा कपाळाला आठ्या घालायचा. "त्याच्यापायी बाकी समदे दिसंनात," म्हणायचा.

आणि त्या साऱ्या मंद ज्योतींत त्याचं मन जडलं होतं ते अशा एका ताऱ्यावर, जो नुसत्या डोळ्यांना मुळी दिसतच नाही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पूर्वेकडून सात ताऱ्यांची एक अर्धी बांगडी वर येते; तिला उत्तर मुकुट म्हणतात. त्या मुकुटाच्या कडेला, अगदी शेजारी, एक रिकामी जागा आहे. तिथे एक अंधूक तारा दडलेला असतो, आणि ऐंशीएक वर्षांतून एकदा तो एकाएकी भडकतो, ध्रुवाएवढा तेजस्वी होतो, मोजके काही दिवस नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि पुन्हा काळोखात बुडतो. तो आता कधीही फुटेल असं जाणकार सांगू लागले, आणि हमीद बदललाच. मागच्या खेपेला आमचा जन्म झालेला नव्हता, पुढच्या खेपेला आमची नावं घेणारंही कुणी उरणार नव्हतं. "अल्लानं मला बराबर मधी जन्माला घातलंय, मास्तर," तो म्हणाला, "ह्यो एकच चान्स हाय." चेष्टेने बोलला असेल असं समजून मी हसलो, तो हसला नाही.

मग उन्हाळाभर आमची वरात कोळवणच्या वाटेने. दुकान लवकर बंद करायचं, त्याच्या जुन्या स्कूटरवर मी मागे बसायचं, मांडीवर लांबट पेटीत त्याची दुर्बीण. खड्डा आला की त्याला माझ्या कमरेची नाही, पेटीची काळजी. ओळखीच्या एका शेताच्या बांधावर आम्ही बसायचो. खाचरांतून राब भाजल्याचा धूर रेंगाळत असायचा, करवंदांचा आंबूस वास यायचा, पलीकडे शेवटची एसटी धापा टाकत चढण चढायची, आणि पूर्वेला, डोंगराच्या खांद्यावर, पुण्याकडच्या दिव्यांचा तांबूस, रोगट उजेड पसरलेला असायचा. मुकुट नेमका त्या उजेडातूनच वर येणार! तो उजेडाच्या वर चढेपर्यंत थांबायचं आणि मग बघायचं, एवढाच आमचा उद्योग. त्यातच शेजारच्या फार्महाऊसवाल्याने आंब्याच्या झाडांवर तळातून झोत सोडले. हमीद फाटकाशी जाऊन वॉचमनच्या विनवण्या करायचा, अर्धा तास बंद कर रे बाबा म्हणायचा. "साहब ने मना किया है, चाचा," तो पोरगेला माणूस ओशाळून सांगायचा. मी तिथे उभा राहून त्या साहेबाला शेलक्या शिव्या घालायचो. शाळेत होतो तेव्हा मला अशी भाषा वापरता आली नव्हती.

दुर्बिणीला डोळा लावून झाला की तो मोबाइलवर त्याच्यासारख्याच आकाशवेड्यांच्या गटाला दोन शब्द कळवायचा : दिसला नाही. रोज तेच. मी एकदा वैतागून म्हटलं, अरे, न दिसलेल्या गोष्टीचा कसला निरोप धाडतोस? तर तो चिडला. "न्हाई दिसला हेबी सांगावं लागतं. न्हाईतर दिसला म्हणायला काय किंमत ऱ्हायली?"

हे त्याच्यात कुठून आलं ते मला माहीत होतं. रमजानच्या अखेरीस ईदची चंद्रकोर बघायला पेठेतली मंडळी मशिदीच्या गच्चीवर जमायची, आणि कोर नेमकी कुठे दिसेल ते हमीद बोटाने दाखवायचा. चांद दिसल्याची साक्ष द्यायची तर ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून द्यायची, ऐकीव चालत नाही, ही तिथली रीत. एका वर्षी पश्चिमेला ढग आले. घरोघरी शिरखुर्म्याचं दूध आटत होतं, पोरांचे नवे कपडे खुंटीला लागले होते, कुणाच्या पाहुण्यांचे फोन येत होते, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. एकाने म्हटलंही, "अरे, जरासा दिसल्यागत वाटला म्हण की." हमीद ढिम्म. "मला दिसला न्हाई," एवढंच म्हणून तो खाली उतरला. रीतसर साक्ष बाहेरगावाहून यायला बराच उशीर झाला. तोवर दूध करपलं आणि बायकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. पण त्यानंतर हमीदभाईने बघितला म्हटलं की पेठेत कुणी दुसऱ्याला विचारत नसे.

ज्येष्ठात त्याची भूक गेली. आधी पित्त म्हणून काढे झाले, मग कावीळ म्हणून पथ्य झालं, आणि शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं तेव्हा उपायांची वेळ उलटून गेली होती. दिवाळी बघतील असं वाटत नाही, ते म्हणाले. हमीदने एकच गोष्ट विचारली, आणि ती ऐकून डॉक्टर गोंधळले : आश्विनापर्यंत तरी काढीन का? मुळशीत ज्येष्ठात जे आभाळ झाकतं ते आश्विनाशिवाय धड उघडत नाही. आश्विनात मुकुट पश्चिमेला कलतो, पण सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ दिसतो. तेवढा थोडा वेळ त्याला हवा होता. जन्मभर त्याने देवाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि मागितलं ते हे.

आषाढ गेला, श्रावण आला. पडवीच्या पत्र्यावर पावसाचा अखंड, एकसुरी आवाज, भिंतींना ओल, खिडकीबाहेर ताम्हिणीकडून चालून येणाऱ्या ढगांची न संपणारी करडी रांग. खाटेवर हमीद दिवसागणिक चपटा होत गेला. ज्या मनगटाने तो पातेल्यांच्या चळती लीलया उचलायचा, ते मनगट पाण्याचा पेला धरताना थरथरू लागलं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, काहीबाही बोलायचो. दिवे लागले की तो बायकोला हाक मारायचा. शमीमभाभी खिडकीशी जाऊन वर बघायच्या. "ढग हाय का?" "हाय." मग तो डोळे मिटायचा. त्याला मरणाची भीती नव्हती, हे मी खात्रीने सांगतो. त्याला भीती होती ती या ढगांच्या वर, त्याच्या अपरोक्ष, तो तारा येऊन जाईल याची. मला त्या ढगांचा असा संताप यायचा, की खिडकी लावून घ्यावीशी वाटायची.

एका संध्याकाळी भाभी मऊ खिचडीची वाटी घेऊन आत आल्या आणि त्याने विचारायच्या आधीच बोलल्या. "ढग हाय. पर फोन आलता. फुटला तुमचा तारा."

हमीदने डोळे उघडले. "कुणाचा फोन?"

"त्या तुमच्या तारेवाल्यांचा. तिकडं राजस्थानात का कुटं दिसला म्हणं."

"केवढा?"

"लई मोटा. शुक्रावानी झळाळतोय म्हणं," भाभी म्हणाल्या, आणि चमच्याने खिचडी ढवळायला लागल्या.

ओ की ठो न कळणाऱ्या मलाही कळलं. तो तारा फार तर ध्रुवाएवढा होणार. शुक्राच्या पासंगालाही लागणार नाही, हे मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. बिचारीने आभाळात तिला ओळखता येणारी सगळ्यात तेजस्वी वस्तू निवडली होती. नवऱ्याला द्यायचं तर थोडं कशाला द्यावं! हमीद तिच्याकडे बघत राहिला. आता हा विचारणार, कोणाच्या डोळ्यांनी बघितला, नंबर दाखव. ढगाळ चांदरातीला अख्ख्या पेठेला न बधलेला माणूस हा.

"बरं झालं बया," तो म्हणाला. "आला म्हणायचा एकदाचा." आणि त्याने तोंड उघडलं. भाभींनी त्याला खिचडी भरवली. कित्येक दिवसांत खाल्ले नव्हते तेवढे घास त्याने त्या दिवशी खाल्ले, आणि प्रत्येक घास गिळताना त्याला होणारा त्रास मला दिसत होता.

त्या चहा करायला गेल्या तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं. "मास्तर, मला कळलं हे तिला कळू द्यायचं न्हाई." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मशिदीतली जाणती मंडळी त्याला बघायला आली. एकाने बोलायला विषय म्हणून विचारलं, काय हमीदभाई, तुमच्या त्या ताऱ्याचं काय झालं? भाभी दारात उभ्या होत्या. हमीद उशीवर जरा वर सरकला. "फुटला की," तो म्हणाला. "शुक्रावानी. मी बघितलाय त्यो." शब्द भाभींचेच, फक्त शेवटची साक्ष त्याची स्वतःची. मंडळींनी माशाल्ला म्हटलं. कुणी म्हटलं नाही, की बाहेर तर ज्येष्ठापासून ढग आहेत. हमीदने बघितला म्हटल्यावर विचारायचं काय? मंडळी गेल्यावर तो दमून पडला होता. "पुढं कवा खराच फुटला," तो भिंतीकडे बघत पुटपुटला, "तर लोक म्हणतील हमीद खोटं बोलला. म्हणू दे."

भाद्रपदात, भर पावसात, तो गेला. कब्रस्तानात चिखल एवढा होता की माती टाकताना माणसं घसरत होती. मीही मूठभर टाकली. वर बघितलं नाही.

आश्विनात आभाळ उघडलं. इतकं स्वच्छ, इतकं निळंशार आभाळ मी कधी बघितलं नव्हतं, आणि त्याचा मला मनस्वी तिटकारा आला. सूर्य बुडाल्यावर भाभींनी मला गच्चीवर बोलावलं. "सर, तो कुटं असतो, दाखवा." पश्चिमेला डोंगराच्या कडेवर मुकुट टेकत होता. मी बोट केलं, या खेपेला बरोबर जागी. शेजारची जागा रिकामीच होती. भाभींनी बराच वेळ बघितलं.

"मी खोटं बोलले सर," त्या म्हणाल्या. "त्यान्ला खरं वाटलं, न्हाई का?"

"हो," मी म्हणालो. "खरं वाटलं."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, आता न्हाई फुटला तरी चालंल. त्यांना भीती आपलं खोटं उघडं पडण्याची, आणि मला भीती अशी, की ज्या दिवशी वर्तमानपत्रं त्या ताऱ्याची बातमी देतील, त्या दिवशी पेठेत कुणीतरी म्हणेल, हमीदने तर श्रावणातच बघितला म्हणून सांगितलं होतं. आणि जन्मात एकदाच, बायकोच्या मायेपोटी दिलेली ती साक्ष त्याच्या साऱ्या आयुष्याच्या साक्षींना बुडवील. ते त्याने पत्करलं होतं. मला ते पत्करता येत नाही. म्हणून आता आभाळ निरभ्र असलं की मी गच्चीवर जातो, भाभी असतात, आम्ही दोघे वर बघतो, आणि ती जागा रिकामी दिसली की सुटल्यासारखं वाटतं. माणूस जातो, पण त्याचं वाट बघणं मागे उरतं आणि ते कुणाला तरी चालवावं लागतं. हमीदचं आमच्या वाट्याला आलं आहे, आणि ज्याची वाट बघतो ते आमच्या हयातीत येऊ नये, एवढंच आम्ही दोघे रोज मागतो.