दूधभरपाईचा फतवा

मी एक जुना फतवा आहे. मित्रांनो, फतवा म्हणजे धर्माच्या कायद्याबद्दल मुफ्तींनी दिलेलं मत. माझ्या एका बाजूला प्रश्न आहे, दुसऱ्या बाजूला उत्तर.

प्रश्न विचारला होता एका काकांनी; दोन पुतण्या त्यांच्याच घरी वाढलेल्या. त्यांच्या बिरादरीत मुलगी देताना नवऱ्याकडून 'दूधभरपाई' घेत. नाव आईच्या दुधाचं, मलई काकांची! पण काकांनी साळसूदपणे लिहिलं, "न मागता, खुशीनं भेट दिली तर घ्यावी का?" मुफ्तींनी उत्तर दिलं, "प्रश्नात लिहिलंय तसंच असेल, तर घेणं जायज आहे."

काकांनी मला फ्रेममध्ये बसवलं, उत्तर लोकांकडे आणि प्रश्न पुठ्ठ्याकडे करून. आलागेला मान डोलवायचा. माझं केवढं कौतुक! मग एके दिवशी माझ्याच समोर थोरल्या पुतणीच्या शिंपी नवऱ्यानं शिलाई मशीन विकून आणलेली भरपाई काकांच्या हातावर ठेवली. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "धर्मात बसतं." त्या दिवसापासून मी डूख धरला. सात वर्षं काकांचं टक्कल बघत होतो आणि एकच दुआ मागत होतो, कुणीतरी माझी पाठ बघू दे.

धाकट्या पुतणीचं एका वायरमनशी ठरलं. त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं. काका म्हणाले, भरपाई नाही तर निकाह नाही. पोरीनं रडून डोळे सुजवून घेतले. पण काकांचीच बुद्धी फिरली. धाकटी झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, तिलाच म्हणाले, "पोराकडच्यांना दाखवायला याची कॉपी काढून आण."

तिनं मला फ्रेममधून काढलं. दुकानातली सवय, कागद हाती आला की आधी उलटायचा. तिनं प्रश्न वाचला. परत वाचला. तशीच मला घेऊन मुफ्तींकडे गेली आणि घरात खरं काय चालतं ते सांगितलं. मुफ्तींनी माझ्यावर, प्रश्नाखालीच लिहिलं, "अडवून घेतलेली भरपाई ही लाच आहे. ती परत करावी. नवऱ्यानं द्यायचा तो मेहर, आणि तो फक्त मुलीचा."

लग्नाच्या ठरावाच्या बैठकीत तिनं सगळ्यांसमोर मला दोन्ही बाजूंनी वाचलं. काकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. थोरल्या जावयाचे पैसे तिथल्या तिथे परत करावे लागले. मला भारी आनंद झाला, लपवत नाही. रागाच्या भरात काकांनी मला हिसकावून उभं फाडलं.

"फाडा की, काका," धाकटी म्हणाली. "पाठपोट शंभर कॉप्या काढल्यात. गल्लीत वाटूनही झाल्या."

मित्रांनो, कागद जरूर जपा, पण त्याचं तोंड भिंतीला लावू नका. आम्ही गप्प बसतो, विसरत नाही.