तळपायाची साक्ष

वैशाखातल्या दुपारी गोरव्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्या गॅरेजच्या शेडचा पत्रा तापून टिकटिकू लागला, की त्या आवाजाखाली दुसरा एक हलका आवाज ऐकू येई. शिर्केकाका चपला काढत. आधी डावी, मग उजवी, दोन्हींची टोकं भिंतीकडे, देवळाच्या पायरीशी ठेवाव्यात तशा. मग पँटचा काठ दोन बोटं वर घेऊन ते अनवाणी गाडीत बसत, तळपाय सपाट टेकवत आणि डोळे मिटून घेत. दारातून तिरपा येणारा पिवळा उजेड त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर थांबे, आणि बघणाऱ्याला वाटे, की हा माणूस गाडी दुरुस्त करत नसून तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतो आहे.

मी पहिल्यांदा हे पाहिलं त्याला आता आठ-दहा वर्षं होतील. तेव्हाच्या माझ्या साध्याशा गाडीत ते असेच बसले होते, आणि ती स्वतः जेमतेम शंभर पावलं चालवून म्हणाले होते, "पुढचं डावं." चाक उघडलं तर दोष पुढच्या डाव्यालाच निघाला. मला नसत्या चौकशा करायची खोड असल्यामुळे मी विचारलं, हे कळतं कसं? तर ते उतरले, तापलेल्या काँक्रीटवर "हाय हाय" करत टुणटुण उड्या मारत चपलांपर्यंत पोचले, आणि लहान मुलासारखे हसत म्हणाले, "असं कळतं!" त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे. काकांच्या वाट्याला त्यातली फक्त शिस्त आली होती, आणि ती भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेल्या पान्यांमध्ये दिसे.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले ती लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स गाडी घेऊन. पन्नाशीच्या चित्रकलेच्या बाईंनी असली गाडी घ्यावी हे निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीला अजून पचलेलं नाही. पण एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशी जाताना ती विकायला काढली, आणि तिच्या पाठीच्या वळणावरून माझी नजर हटेना. गाडी पळायची झकास, थांबताना मात्र नाक खुपसून खाली वाकायची, आणि स्पीडब्रेकरवरून गेली की दोन घरं पुढेपर्यंत डुलत राहायची.

"पळायला कोणतीही गाडी पळते हो, ताई," काका तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले. "उभी कशी राहते ते बघायचं."

चार दिवस ते एकटेच राबले. चाकांमागच्या ब्रेकच्या जुन्या चकत्या निघाल्या आणि ताटाएवढ्या रुंद, नव्या चकत्या बसल्या. त्यांना आवळून धरणारी पॅड नवी आली, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या पोलादी जाळीच्या आल्या, मऊ पडलेल्या स्प्रिंगांच्या जागी ताठ स्प्रिंगा आल्या आणि धक्के झेलणारे शॉकही बदलले. मी रोज दुपारी जाऊन स्टुलावर बसे. एवढ्या मोठ्या पंजाचा माणूस एखादा बोल्ट इतक्या हळुवारपणे का घेतो, शेवटचा आटा आवळताना श्वास का रोखतो, हे मला चित्र काढण्याआधी बघत राहावंसं वाटे. एकच गोष्ट मला उमगत नव्हती. आताशा ते स्वतः गाडी चालवून बघत नसत. चालवायचं गिऱ्हाइकानं, आणि तेही अनवाणी.

रविवारी कारखाने बंद असल्यामुळे मागचा सरळ रस्ता मोकळा होता. काका शेजारच्या सीटवर बसले, तळपाय टेकवून, डोळे मिटून, नेहमीसारखेच.

"चपला काढल्या ना? साठवर न्या. आता दाबा, दहावर आणा. हां. बोला, पायाला काय लागतं? रवा की साबुदाणा?"

ही त्यांची मापं होती. रवा म्हणजे नव्या पॅडची बारीक खरखर, ती चालते. साबुदाणा म्हणजे चकती सरळ फिरत नाही, काम पुन्हा. माझ्या पायाखाली ब्रेकचं पेडल ठोक्याठोक्यानं थरथरलं. दाणे वेगवेगळे मोजता यावेत इतकं. मी काकांकडे पाहिलं. चार दिवसांचा घाम त्या चेहऱ्यावर वाळला होता, आणि परीक्षेच्या निकालाकडे मूल कान लावतं तसा तो माझ्याकडे वळला होता. त्यांना तर कळलंच असणार, मला यातलं काय कळतंय, असंही वाटलं.

"रवा," मी म्हणाले.

"एकदम सारू!" आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणत त्यांनी खुशीनं मांडीवर थाप मारली.

शेडपाशी उतरलो. भर बाराचं ऊन होतं. काँक्रीटवर पाय पडताच मी किंचाळले आणि उड्या मारत सावलीकडे धावले. मागे वळून पाहिलं तर काका त्याच जमिनीवरून चालत होते. संथ, सरळ, पाऊल पूर्ण टेकवत. नळापाशी थांबून त्यांनी निवांत हात धुतले. पुढचं पाऊल उचललं तेव्हा त्यांच्या टाचेवरचा फोड मला दिसला, फुटून पांढरा पडलेला. ते माझी परीक्षा घेत नव्हतेच. ते माझे पाय मागत होते.

"काका," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. साबुदाणा होता."

त्यांनी हात पुसायचं फडकं घडी घालून ठेवलं. रागावले नाहीत. लाल गाडीच्या पुढच्या चाकापाशी जाऊन उकिडवे बसले.

"डायाबिटीस," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. पहिला बोटं बधिर झाली, पछी टाच. आता कापसावर चालतो, असं वाटतं. गिऱ्हाइकाचे पाय आहेत तोपर्यंत काम चालसे. पण गिऱ्हाईकच माझं मन राखायला लागलं, तर ब्रेकच्या कामाला मी हात कसा लावू? कुणाचा तरी जीव जाईल, ताई."

मला इतकी लाज आयुष्यात क्वचित वाटली आहे. त्यांनी चाक उतरवलं, चकती काढली. तिच्या मागे, ती जिथे टेकते तिथे, गंजाची नखाएवढी पापडी राहून गेली होती. त्यांनी ती खरवडली, बोटानं जागा तीनतीनदा चाचपली, चकती परत बसवली. आम्ही पुन्हा त्या रस्त्यावर गेलो.

"बोला."

मी घाई केली नाही. पाच वेळा साठवरून दहावर आणली, आणि पाचही वेळा पायाला विचारलं.

"रवा, काका. खरंच रवा."

ते हसले नाहीत, नुसती मान डोलावली. परत आलो तेव्हा दार उघडून पाय बाहेर टाकण्याआधी ते थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आज जमीन कशी आहे?"

"तापलीय, काका. चटके बसतायत."

मी त्यांच्या चपला आणून दारापाशी ठेवल्या. "अरे ना ना, ताई," म्हणत त्यांनी त्या घातल्या, आधी डावी, मग उजवी, प्रत्येक वेळी खाली बघून, पाऊल नीट आत गेलं ना याची डोळ्यांनी खात्री करत.

त्या हिवाळ्यात त्यांनी शेडचं शटर ओढलं आणि ते मुलीकडे सुरतेला गेले. पान्यांच्या जागा अजून त्या भिंतीवर उंचीप्रमाणे उमटलेल्या आहेत. मी मात्र अजूनही गाडीत चपला काढून बसते, ब्रेक दाबताना शेजारच्या रिकाम्या सीटला मोठ्यानं सांगते, रवा की साबुदाणा. काळानं त्यांच्या तळपायातून जे काढून नेलं ते माझ्या तळपायाशी ठेव म्हणून राहिलं आहे, आणि विचारणारं कुणी नसलं तरी आता खोटं बोलायची माझी छाती होत नाही.